आम्हा नगरसेविकांना बोलतं करणाऱ्या सुलभाताई

राणेकाका, नेहा, इथं जमलेल्या सगळ्या ताया आणि दादांनो, मुलुंडच्या शेजारपाजारच्या मंडळींनो, आणि पार अंधेरी-बोरिवलीहून, देवनारहून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो. सगळ्यांना जय भीम. नमस्कार.

हॉल भरलाय. मागं लोक उभे आहेत. समोरच्या खुर्च्यांवर बघितलं तर चार पक्षांच्या बायका मांडीला मांडी लावून बसल्यात. एरवी आपण एकमेकींच्या बॅनरखालून जाताना मान फिरवतो. आज कुणी कुणाला पाणी देतंय, कुणी कुणाचा हात धरलाय. हे फक्त सुलभाताईंच्याच घरात व्हायचं. आज त्यांच्या शोकसभेला या हॉलमध्ये होतंय.

खरं सांगू, मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. जमणार नाही, मी रडेन, म्हटलं. तर नेहा, ताईंची मुलगी, मला म्हणाली, "मनीषाताई, तुम्ही नाही बोललात ना, तर आईला वाटेल वर्षानुवर्षं शिकवलं ते फुकट गेलं." म्हणून आले. रडू आलं तर थांबेन थोडी. सांभाळून घ्या.

मला न ओळखणारेही इथं आहेत. मी मनीषा जाधव. घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत राहते. आमचे आजोबा बुलढाण्याकडून आले, माझा जन्म इथलाच. घरी ब्लाउज शिवायचे मी. नवरा संतोष रिक्षा चालवतो, तो काय तिकडं दाराशी उभा आहे. मागच्या खेपेला मी आमच्या वॉर्डाची नगरसेविका होते. आता नाही. ते मी पुढं सांगते.

आधी ताईंचं सांगते. कारण त्या स्वतःबद्दल बोलायच्या नाहीत, आणि बोलल्या तर चेष्टेनं बोलायच्या. सुलभाताई मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते. ताई इथं मुलुंडला बालवाडीच्या बाई होत्या. त्यांचे मिस्टर, आपले राणेकाका, पक्षाचं काम करायचे. बायकांच्या राखीव जागा नव्यानं आल्या होत्या, तेव्हाच हा वॉर्डही राखीव झाला आणि काकांचं तिकीट हुकलं. ताई सांगायच्या, "मग शोध सुरू झाला, की घरात बाई कोण आहे? तर मी होते. झाले उमेदवार!"

निवडून आल्या. पाच वर्षं सभागृहात बसल्या. कशा बसल्या? गप्प. त्यांना कुणी काही सांगितलंच नाही. कुठं बसायचं, कधी उठायचं, प्रश्न कसा विचारायचा, ठराव म्हणजे काय, समोर ठेवलेलं ते जाडजूड बजेटचं पुस्तक कुठून उघडायचं, काही नाही. विचारायला गेल्या तर लोक म्हणायचे, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही आहोत ना." ताई म्हणायच्या, "पाच वर्षांत माझ्या तोंडून सभागृहात एकच वाक्य निघालं गो. 'जरा पंखा लावता का?' तोही लावला नाही कुणी."

आपण सगळ्या हसायचो. त्याही हसायच्या. पण एकदा स्वयंपाकघरात भांडी पुसताना त्या मला हळूच म्हणाल्या, "मनीषा, माझ्या वॉर्डातल्या बायका रोज विचारायच्या, ताई, आमच्या नळाचं बोललात का? आणि मी म्हणायची, हो, बोलले. ते 'हो' मला अजून टोचतं."

ते टोचणं त्यांनी पुढं कामाला लावलं. पुन्हा निवडणूक लढवली नाही. आपल्याच घरच्या पुढच्या खोलीत शनिवारचा वर्ग सुरू केला. नव्यानं निवडून आलेल्या नगरसेविकांसाठी. कुठल्याही पक्षाची असो, पक्ष नसलेली असो. फी नाही, सर्टिफिकेट नाही, हारतुरे नाहीत. चहा आणि काकांच्या हातचे पोहे. आणि एकच अट, चपला काढताना पक्षही दाराबाहेर काढून यायचा.

मी त्या वर्गात सहजासहजी गेले नाही बरं का. त्याच माझ्या दारात आल्या.

झालं असं. आमच्या वस्तीच्या पायथ्याशी एक प्रसूतिगृह होतं. होतं म्हणजे, आहे. मी निवडून आले तेव्हा ते दुरुस्तीसाठी बंद होतं. दुरुस्ती काही सुरू होत नव्हती, आणि कुलूप काही निघत नव्हतं. आमच्या बायकांना बाळंतपणाला लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागायचं. पोटात कळा घेऊन डोंगराच्या पायऱ्या उतरायच्या आणि मग ट्रॅफिकमध्ये अडकायचं. मी प्रचारात शब्द दिला होता, की पहिलं काम हेच.

प्रभाग समितीची माझी पहिली बैठक. मी उभी राहिले. "माननीय अध्यक्ष महोदय" एवढं म्हटलं आणि आवाज गेला. गेला म्हणजे गेलाच. ओठ हलतायत, आवाज नाही. सगळे बघतायत. मागून कुणीतरी हसलं. आणि एक जण अगदी गोड आवाजात म्हणाला, "बसा ताई, राहू द्या. पुढच्या वेळी मिस्टरांना पाठवा."

मी बसले. घरी आले आणि संतोषला सांगितलं, मी राजीनामा देते. मला नाही जमणार. मी आपली ब्लाउज शिवते, ते बरं.

हे ताईंना कसं कळलं? देवनारची आपली फरीदा त्याच बैठकीत होती. ती आधीपासून वर्गाला जायची. तिनं फोन केला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारात एक बाई उभी. घामानं चिंब, एका हातात छत्री, दुसरा हात भिंतीला. आमच्या घरापर्यंत येणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी त्या पायऱ्या चढल्यात त्यांनाच माहीत. मी त्यांना ओळखतही नव्हते. मला वाटलं कुणाची तक्रार घेऊन आल्या असतील.

त्या बसल्या, दम खाल्ला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "जेवलंस काय गो?"

बस्स. एवढंच. आणि मी अशी रडायला लागले म्हणून सांगू!

"रडतंस कित्याक? आधी जेव, मगे रड." आणि स्वतःच उठून माझ्या स्वयंपाकघरात गेल्या. टोपातली वांग्याची भाजी काढली, भाकरी काढली, मला वाढलं आणि स्वतःलाही घेतली. अनोळखी बाई, माझ्याच घरात मला जेवायला वाढतेय.

जेवताना म्हणाल्या, "राजीनामा दे. खुशाल दे. पण मला एक सांग, त्या प्रसूतिगृहाचं कोण बोलणार?"

मी म्हटलं, "ताई, मला बोलताच येत नाही."

"आता बोलतेयस ती कोण?"

"हे वेगळं. तिथं ते सगळे मोठे लोक..."

"तिथं तू भाषण करायला उभी राहिलीस. म्हणून घसा सुकला. भाषण नको करू. शेजारणीला सांगतेस ना, अगं काय झालं माहितीये का, तसं सांग. काय झालं, कुणाला झालं, आणि तुला काय पाहिजे. एवढंच असतं ते. बाकी सगळा मसाला."

आणि मग त्यांनी मला त्यांची ती पाच वर्षं सांगितली. पंख्याचं वाक्यही सांगितलं. मी रडता रडता हसले. जाताना म्हणाल्या, "शनिवारी ये. आलीस तर राजीनाम्याचा विचार पुढच्या शनिवारी करू." आणि मग दर शनिवारी तेच! "पुढच्या शनिवारी करू." काय बाई होती हो!

तर मी वर्गात गेले. तिथं काय शिकले? बजेटचं पुस्तक मागून उघडायचं आणि आधी आपला वॉर्ड शोधायचा, हे शिकले. साहेबांनी "बघतो" म्हटलं की "कधी?" असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही, हे शिकले. कुणी दारात येऊन शिव्या घातल्या तर आधी त्याला पाणी द्यायचं, हेही शिकले. पण खरी मजा सरावाची. ताई आम्हाला एकेकीला उभं करायच्या आणि राणेकाकांना समोर बसवायच्या. काकांनी अध्यक्ष व्हायचं आणि आम्हाला बोलू द्यायचं नाही. "वेळ संपली! खाली बसा! विषयाला धरून बोला!" असं ओरडायचं.

काका, आठवतंय ना? तुम्हाला ओरडताच यायचं नाही. मी अडखळले की तुम्ही म्हणायचात, "बस गं बाई, पाणी पी." आणि ताई आतून ओरडायच्या, "अहो, तिला रागवा! तिकडं काय तिला पाणी देणार आहेत?"

हसू नका, हसू नका. म्हणजे, हसा. त्यांना आवडलं असतं.

आणि त्यांनी आणखी एक वर्ग घेतला होता, तो मला सांगायलाच पाहिजे. नवऱ्यांचा वर्ग! आम्हा सगळ्यांच्या नवऱ्यांना त्यांनी एका शनिवारी जेवायला बोलावलं. कोळंबीचं कालवण, भात, सोलकढी. पोटभर खाऊ घातलं आणि मग दार लावून घेतलं. म्हणाल्या, "आता ऐका. लोक तुम्हाला साहेब म्हणायला लागलेत. तुम्ही साहेब नाही. निवडून ती आलीय. कुणी तुमच्याकडं काम घेऊन आला तर काय म्हणायचं?" उत्तरही त्यांनीच दिलं. "म्हणायचं, मॅडम आल्या की त्यांना सांगा. म्हणा बघू सगळ्यांनी." आणि ते बाप्ये, मिशावाले, गाडीवर झेंडे लावून फिरणारे, एका सुरात म्हणाले, "मॅडम आल्या की त्यांना सांगा!"

संतोष घरी आला तो चिडलेला. म्हणाला, "बालवाडीत बसवलं यार तिनं आम्हाला." पण त्या दिवसानंतर कुणी त्याला साहेब म्हटलं की तो म्हणायचा, "साहेब नाय, रिक्षावाला. मॅडम संध्याकाळी भेटतील." आणि मी बैठकीला निघाले की कुकर तो लावायचा. आजही लावतो.

मग तो दिवस आला. आमच्या गल्लीतली कविता, तिला कळा सुरू झाल्या. दुपारची वेळ. चौघांनी खुर्चीत बसवून तिला पायऱ्यांवरून उतरवलं. खाली संतोषची रिक्षा. मी तिच्या शेजारी बसले. त्या बंद प्रसूतिगृहावरून गेलो आम्ही. कुलूप दिसलं. पुढं सिग्नलला सगळं जाम. आणि तिथंच, रिक्षात, माझ्या मांडीवर, कविताला मुलगी झाली. संतोष रस्त्यात उतरून हात जोडून गाड्या बाजूला करत होता. रडत होता तो. बाळ आधी रडलंच नाही. मी पाठ चोळतेय, चोळतेय... आणि मग रडलं. त्या आवाजासारखा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

दोघी वाचल्या. ती पोरगी आता शाळेत जाते.

मी ताईंना फोन केला. तुटक तुटक सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाल्या, "मनीषा, आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडं काही नाही. हे जाऊन सांग."

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. "माननीय" वगैरे म्हटलं की नाही, आठवत नाही. मी सांगितलं. कविता सांगितली, खुर्ची सांगितली, कुलूप सांगितलं, सिग्नल सांगितला. बाळ रडलं नाही तो वेळ सांगितला. आणि म्हटलं, "मला कुलूप काढायची तारीख पाहिजे. ती मिळेपर्यंत मी खाली बसणार नाही." कुणी हसलं नाही. ज्या गृहस्थांनी मिस्टरांना पाठवा म्हटलं होतं, ते उठले आणि म्हणाले, "ताईंना तारीख द्या."

तारीख मिळाली. ती पुढं गेली, पुन्हा मी उभी राहिले. पुन्हा पुढं गेली, पुन्हा उभी राहिले. शेवटी तळमजला सुरू झाला. सगळं नाही झालं. वरचा मजला आणि तिथली ऑपरेशनची सोय अजून नाही, त्यासाठी अजून मोठ्या हॉस्पिटलातच जावं लागतं. पण साधी बाळंतपणं आता तिथं होतात. उद्घाटनाला मी ताईंना बोलावलं. स्टेजवर या म्हटलं, तर आल्या नाहीत. आत कुठं गायब झाल्या. शोधलं तर एका नव्या बाळंतिणीच्या खाटेशी बसून तिला विचारत होत्या, "जेवलंस काय गो?"

मग आमची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं निवडणूकच झाली नाही, नगरसेवकच नव्हते, तुम्हाला माहीतच आहे. प्रशासकाचा कारभार. आम्ही सगळ्या माजी. लोक मात्र दारात येतच होते. नळ आला नाही की ते माजी का आजी बघत नाहीत. मी एकदा वैतागून ताईंना म्हटलं, "मी आता कोण? कुठल्या तोंडानं साहेबांकडं जाऊ?" म्हणाल्या, "पद गेलं, डोळे गेले का? दिसतंय ना? मग जा." आणि शनिवारचा वर्ग त्यांनी एकदाही बंद ठेवला नाही. कधी आम्ही दोघीच असायचो. तरी पोहे व्हायचे.

आता अवघड भाग आहे. तो सांगते.

निवडणूक झाली. मी उभी राहिले. आणि पडले. जयश्री शिंदे जिंकली. माझ्याहून पुष्कळ लहान, पहिल्यांदाच उभी राहिलेली. प्रचारात तिचे लोक माझ्याबद्दल जे बोलले ते मी इथं बोलणार नाही. माझ्या लोकांनीही काही आरती नव्हती ओवाळली. निकालाच्या दिवशी आमच्या गल्लीत तिचे फटाके वाजत होते आणि मी दार लावून बसले होते.

पुढच्याच शनिवारी मी ताईंकडं गेले. म्हटलं, माझं माणूस आहे, जवळ घेईल. आत गेले तर माझ्या नेहमीच्या जागेवर जयश्री बसलेली. पोह्यांची बशी हातात.

मी तशीच मागं फिरले. ताई जिन्यापर्यंत आल्या. तेव्हा त्यांना दोन पायऱ्या उतरल्या तरी धाप लागायची, हृदयाचं दुखणं सुरू झालं होतं. तरी आल्या. मी म्हटलं, "ताई, तिला का? सगळ्या मुंबईत तीच मिळाली तुम्हाला?"

म्हणाल्या, "ती आली. मी नाही बोलावलं. दारात उभी राहून म्हणाली, मला काहीच येत नाही, मनीषाताईंना ज्यांनी शिकवलं त्याच तुम्ही ना?"

मी एक पायरी उतरले.

"मनीषा, वॉर्ड कुठला आहे?"

"घाटकोपर."

"माणसं कुठली?"

"आमचीच."

"मग ती गप्प बसली तर कुणाचं नुकसान? माझ्यासारखी पाच वर्षं पंख्याखाली बसली, तर कुणाचं नुकसान गो?"

मला उत्तर माहीत होतं. पण मी दिलं नाही. निघून गेले. नंतरचे काही शनिवार मी गेले नाही. ताईंनी फोन केला नाही, रागावल्या नाहीत. त्यांना माणसाला वेळ देता यायचा.

मग एके दिवशी नेहाचा फोन आला, आईला ॲडमिट केलंय. मी धावत गेले. ताई खाटेवर एवढ्याशा दिसत होत्या. हाताला सुई. मला बघून हसल्या. मी त्यांचा हात धरला आणि काय बोलू म्हणून तोच प्रश्न विचारला, जेवलात का. म्हणाल्या, "इथली खिचडी कोण जेवणार? मीठ नाही."

मग म्हणाल्या, "प्रसूतिगृहाचं वरच्या मजल्याचं काम अडलंय ना? जयश्रीला उद्या बैठकीत बोलायचंय. तिला बाकी सगळं येतं. पण ती त्या रिक्षात नव्हती. तू होतीस." डोळे मिटून थोडा वेळ पडून राहिल्या. "मी सांगत नाही जा म्हणून. मी फक्त सांगितलं."

मी हॉस्पिटलातून निघाले. संतोष बाहेर रिक्षा लावून उभा होता. म्हणाला, घरी ना? मी म्हटलं, नाही. जयश्रीकडं चल. त्यानं मीटर न टाकता सरळ तिच्या दारात नेलं.

जयश्रीनं दार उघडलं.  म्हणाली, "ताई, आत या ना. मला उद्याची खूप भीती वाटतेय." मी आत गेले. तिला कवितापासून सगळं सांगितलं. मग तिला उभं केलं, आणि मी समोर बसले, आणि ओरडले, "वेळ संपली! खाली बसा!" ती म्हणाली, "नाही बसणार." छान म्हणाली. झकास म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बोलली. मी वर प्रेक्षकांत बसले होते. तिचा आवाज सुरुवातीला कापला, मग नाही कापला. वरच्या मजल्याच्या कामाला मंजुरी मिळाली. काम सुरू होईल तेव्हा होईल, आम्ही दोघी मागं लागू. आम्ही तशाच हॉस्पिटलात गेलो, दोघी. ताई जाग्या होत्या. आम्हाला एकत्र बघून त्यांनी काय केलं माहितीये? काही नाही. थोडं सरकल्या, खाटेवर जागा केली आणि म्हणाल्या, "बसा. सांगा." आणि आम्ही सांगितलं. एक थांबली की दुसरी. त्या ऐकत होत्या. ऐकता ऐकता झोप लागली त्यांना.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

काका, नेहा, तुमचं दुःख आम्ही वाटून घेऊ शकत नाही. बुद्ध सांगून गेले, की सगळं जाणारं आहे. कळतं हो. पण मन ऐकत नाही. तुमच्या घरातून एक माणूस गेलं, आणि आमच्यातल्या कितीतरी जणींना बोलायला शिकवणारी आई गेली. आम्ही येत राहू. काका, पोहे तुम्ही करायचे नाहीत आता. आम्ही करू, तुम्ही खा आणि नावं ठेवा.

आता मी तुम्हाला उभं राहायला सांगणार आहे. ज्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे त्यांनी बसून राहा, ताईंना चालेल. आपण थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही. रडू आलं तर रडा, दाबू नका. ज्या बाईनं आपल्या सगळ्यांना आवाज दिला, तिच्यासाठी तो थोडा वेळ खाली ठेवू.

सुलभाताई, तुम्हाला जय भीम.

मी खाली येते. जयश्री, जरा सरक गं. मला तुझ्याशेजारी उभं राहू दे.